मोठं मोटरहोम रस्त्यात बंद पडलं तर उचलणार कोण?

ब्रिटनमध्ये गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांकडे कुठलं ना कुठलं ब्रेकडाउन कव्हर असतं. कुणी एए, आरएसी किंवा ग्रीन फ्लॅगकडून थेट घेतं, कुणाला बँकेच्या खात्याबरोबर मिळालेलं असतं, तर कुणी गाडीच्या विम्यातच चार पैसे जास्त भरून ते जोडून घेतलेलं असतं. मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेतलं की साहजिकच मनात येतं, कव्हर तर आपल्याकडे आहेच. ते असतंही, पण कारसाठी. दारात उभी असते साडेसात मीटर लांब, तीन मीटर उंच आणि सव्वाचार टनांची गाडी. या दोन गोष्टींची गाठ पडते थेट हार्ड शोल्डरवर, म्हणजे मोटरवेच्या कडेच्या थांबायच्या पट्ट्यावर.

इथल्या मराठी मंडळींत हल्ली मोटरहोमची हौस वाढते आहे. उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असतात, शाळांना सुट्टी असते, सगळ्यांना एकदम स्कॉटलंड दाखवायचं असतं आणि जेवणाचं बघायला स्वयंपाकघर बरोबर असलं तर बरंच. काही जण भाड्यानं घेतात, काही जण जुनं विकत घेतात. विकत घेताना ओलावा तपासतात, सोलर पॅनल बघतात, फ्रिज गॅसवर चालतो का ते विचारतात. बंद पडल्यावर ती उचलून कोण नेणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ब्रेकडाउन कव्हर म्हणजे दोन वेगळ्या सेवा असतात आणि त्या आपण एकच समजतो. पहिली, पिवळी किंवा केशरी व्हॅन घेऊन येणारा मेकॅनिक. बॅटरी उतरली, पट्टा तुटला, सेन्सर गेला, तर तो जागेवरच काहीतरी करून गाडी चालू करून देतो. कितीतरी मोटरहोम फियाट ड्युकाटो या व्हॅनवर बांधलेली असतात, आणि त्याच्या दृष्टीनं ड्युकाटो म्हणजे ड्युकाटो, मग मागे माल असो की दोन बंक आणि शॉवर. दुसरी सेवा रिकव्हरीची, म्हणजे गाडी उचलून गॅरेजला किंवा घरी पोचवायची. मेकॅनिकनं हात टेकले की हिची पाळी येते, आणि मोठ्या मोटरहोमचं घोडं अडतं ते इथेच.

आधी टेप घ्या

पॉलिसी वाचण्याआधी स्वतःच्या गाडीचे चार आकडे माहीत हवेत: वजन, लांबी, रुंदी, उंची.

वजन म्हणजे गाडीला भरून जास्तीत जास्त किती वजनाची परवानगी आहे ते. आज काट्यावर किती भरेल, हा प्रश्न वेगळा. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीत एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर एकाखाली एक चार आकडे असतात. पहिला एकूण वजनाचा, दुसरा मागे ट्रेलर जोडला तर दोन्ही मिळून, तिसरा पुढच्या अॅक्सलचा आणि चौथा मागच्या. पॉलिसीत ३,५०० किलोची मर्यादा लिहिलेली असते ती या पहिल्या आकड्यासाठी. गाडी अर्धी रिकामी आहे, काट्यावर ३,४०० भरली, हे सांगून उपयोग नसतो. उलटंही खरं आहे. पट्टीवर ३,५०० आहे, पण पाण्याची टाकी, दोन सायकली, छत्री-खुर्च्या आणि गावाहून आलेलं दळण धरून गाडी ३,८०० झाली, तर ती ओव्हरलोड आहे आणि कंपनी हात वर करू शकते. सार्वजनिक वजनकाट्यावर थोड्या पैशात वजन होतं. भरलेली गाडी, सगळी माणसं बसलेली, अशी एकदा न्यावी.

लांबी मोजताना मागची सायकलची रॅक आणि टो-बार धरायचा. उंचीत छतावरची डिश, एसी, सोलर. रुंदीबाबत बहुतेक जण गाफील असतात. नेहमीच्या कारच्या कव्हरमध्ये काही ठिकाणी २.३ मीटरची मर्यादा असते, आणि ड्युकाटोच्या चासीवर फायबरची खोली बांधलेल्या कितीतरी मोटरहोमची रुंदी २.३० ते २.३५ मीटर भरते. म्हणजे वजन बसतं, लांबीही बसते आणि पाच सेंटिमीटरसाठी गाडी कव्हरबाहेर जाते. आरसे धरायचे की नाही, तेही कंपनीगणिक बदलतं. लांबीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी सात मीटरच्या आसपास असते. मोठं मोटरहोम तिथेच बाद होतं.

वजनाच्या आकड्याचा लायसन्सशीही संबंध आहे आणि आपल्या लोकांना तो जास्त जाचतो. ज्यांनी ब्रिटनमध्ये कारची परीक्षा १ जानेवारी १९९७ च्या आधी दिली, त्यांच्या लायसन्सवर सी१ हा मोठ्या गाड्यांचा वर्ग आपोआप आलेला आहे, त्यांना साडेसात टनांपर्यंत चालवता येतं. सत्तरी गाठल्यावर ते टिकवायला डॉक्टरी तपासणी लागते, तो भाग वेगळा. त्यानंतर परीक्षा दिलेल्यांना डिझेलची गाडी साडेतीन टनांपर्यंतच. भारतीय लायसन्सवर पहिले बारा महिने लहान गाड्या चालवता येतात, पण ते बदलून ब्रिटिश लायसन्स मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत इथे आलेल्या जवळपास सगळ्यांकडे फक्त बी, म्हणजे कारचा वर्ग. सव्वाचार टनांचं मोटरहोम स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं आणि सी१ नाही, तर ते चालवणंच बेकायदा. मग विमाही नाही आणि ब्रेकडाउन कव्हरचा तर प्रश्नच येत नाही. सी१ साठी वेगळी वैद्यकीय तपासणी, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा असते. वेळ आणि पैसा दोन्ही जातं, पण चाळिशी-पन्नाशीत ती देणारे खूप आहेत.

ट्रकचं गणित

कंपन्या साडेतीन टनांवर का अडतात, हे कळायला टोचन करणाऱ्या गाड्या बघाव्या लागतात.

रस्त्यावर नेहमी दिसतो तो साडेसात टनांचा ट्रक, ज्याची सपाट पाठ मागे सरकून तिरकी होते आणि गाडी विंचनं वर ओढली जाते. या ट्रकचं स्वतःचं वजनच इतकं असतं की पाठीवर घ्यायला जेमतेम तीनेक टन उरतात. कार, छोटी व्हॅन यांना पुरेसं. त्यावर सव्वाचार टन चढवले तर तो ट्रकच ओव्हरलोड, आणि पोलिसांनी अडवलं तर चालकाच्या गळ्याशी येतं. मग बारा किंवा अठरा टनांचा ट्रक लागतो. ते संख्येनं कमी, त्यांना चालवायला मोठं लायसन्स लागतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी डेव्हनकडे जाणाऱ्या रस्त्यावर असा ट्रक रिकामा सापडायला वेळ लागतो.

वजन बसलं तरी चढवताना आणखी अडचणी. मोटरहोमला मागच्या चाकांच्या मागेही मोठा भाग लोंबत असतो, दीड-दोन मीटरचा. पुढची चाकं उतारावर चढायला लागली की ही मागची शेपूट जमिनीला घासते. खाली सांडपाण्याची टाकी, तिचा नळ, पायरी, हे सगळं प्लॅस्टिकचं. अल्को कंपनीची बुटकी चासी असली तर जमिनीपासूनचं अंतर आणखी कमी. जाणता चालक चाकांखाली लाकडी फळ्या घालून चढ हळूहळू वाढवतो, अर्धा तास घेतो आणि काही मोडत नाही. नवखा असेल तर नळ तुटतो. त्यामुळे चालक आला की पायरी आणि नळ कुठे आहेत ते वाकून त्याला दाखवावं. त्याला राग येत नाही.

उंचीचंही बघायचं. ट्रकची पाठ एक मीटरच्या आसपास, त्यावर तीन मीटरचं मोटरहोम, झाले चार मीटर. इंग्लंडमध्ये सोळा फूट सहा इंच, म्हणजे पाच मीटरपेक्षा बुटक्या पुलांवर उंचीची पाटी असते, त्यामुळे मोठ्या रस्त्यांवर चिंता नाही. खेड्यातले जुने रेल्वे पूल आणि रस्त्यावर झुकलेली झाडं मात्र अडवतात. म्हणून कधी कधी पाठीवर न घेता पुढची चाकं उचलून ओढत नेतात. ड्युकाटो, प्युजो बॉक्सर, सिट्रोएन रिले या भावंडांचं इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं, त्यामुळे पुढून उचललं तर मागची चाकं मोकळी फिरतात आणि गिअरबॉक्सला धोका नसतो. फक्त मागची शेपूट खाली जाते, सायकलची रॅक काढावी लागते. मर्सिडीज स्प्रिंटर किंवा इव्हेको डेलीत बहुधा मागची चाकं ताकद घेतात, तिथे हा उपाय थेट चालत नाही.

अमेरिकेतून आणलेल्या आरव्हीची, म्हणजे तिकडच्या अवाढव्य मोटरहोमची, तर जातच वेगळी. ब्रिटनमध्ये अशा गाडीला कायद्यानं १२ मीटर लांबी आणि २.५५ मीटर रुंदीची मर्यादा आहे, आणि बऱ्याच आरव्ही त्याच्या काठावरच असतात. वजन दहा-बारा टन सहज. हिला बसचं किंवा लॉरीचं टोचन करणारा ट्रक लागतो, जो खालून पोलादी हात घालून पुढचा अॅक्सल उचलतो. त्याआधी दोन कामं. डिझेलच्या मोठ्या आरव्हीत एअर ब्रेक असतात. त्यात हवेचा दाब असेपर्यंत चाकं सुटी, दाब गेला की आतली स्प्रिंग चाक जाम धरते. इंजिन बंद पडून हवा गळाली की गाडी तसूभर हलत नाही. मग ट्रकमधून नळीनं हवा द्यायची, किंवा गाडीखाली झोपून प्रत्येक मागच्या चाकाचा ब्रेक बोल्ट फिरवून हातानं मोकळा करायचा. दुसरं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो, चाकांवर नाही. इंजिन बंद असताना मागची चाकं फिरत राहिली तर आत तेल पोचत नाही आणि गिअरबॉक्स जळतो. म्हणून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडवावा लागतो. पावसात, लॉरी अंगावर पाणी उडवत जात असताना हे काम करणाऱ्या माणसाला दोनशे पौंड जास्त मागावेसे वाटले तर मी तरी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते पैसे तुमच्या खिशातून जाणार की कंपनीच्या, हे मात्र आधी ठरलेलं हवं.

मग कव्हर कुठून घ्यायचं

ढोबळमानानं तीन वाटा आहेत.

कारच्या नेहमीच्या कंपन्यांकडे वेगळं मोटरहोमचं कव्हर मागता येतं, कधी जास्त पैसे देऊन मर्यादा वाढवून मिळते. दुसरी वाट मोटरहोमच्या खास विम्याची. यात ब्रेकडाउन बहुधा आतच असतं आणि कंपनीला गाडीचा आकार माहीत असतो, कारण विमा त्याच गाडीचा आहे. तिसरी, क्लबांची. कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब १९०१ पासून आहे, आजचा कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब १९०७ पासून. दोघांच्या सभासदांसाठी ब्रेकडाउनच्या योजना आहेत, एकाची अरायव्हल, दुसऱ्याची मेडे, आणि त्या या जातीच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेल्या आहेत. माझं मत विचाराल तर साडेतीन टनांच्या वर असाल किंवा सात मीटरच्या पुढे, तर दुसरी किंवा तिसरी वाट धरा आणि बँकेच्या खात्यातलं कव्हर कारसाठी राहू द्या.

वाट कुठलीही असो, नियमावलीत काही जागा नखानं खूण करून वाचाव्यात. स्वस्त कव्हर घरापासून पाव मैलाच्या आत चालत नाही, म्हणजे हिवाळाभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मार्चमध्ये उतरलेली निघाली तर त्यासाठी घरचं कव्हर वेगळं. स्वस्त कव्हरमध्ये टोचनही जवळच्या गॅरेजपर्यंतच, आणि ते जवळचं गॅरेज कारचं असतं, दार अडीच मीटर उंच. मोटरहोम बाहेर फुटपाथवर उभं राहतं. म्हणून तुम्ही सांगाल त्या ठिकाणी, देशभर, अशी रिकव्हरी हवीच. अपघात बहुधा ब्रेकडाउनमध्ये मोडत नाही, तो गाडीच्या विम्याकडे जातो. डिझेलच्या टाकीत चुकून अॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करायचा द्रव, ओतलं गेलं तर ते वगळलेलं असू शकतं. पॉलिसी घेतल्यानंतर पहिले चोवीस तास ती लागू होत नाही, असंही असतं, त्यामुळे बंद पडल्यावर फोनवरून घेण्याचा बेत चालत नाही. आणि मागे छोटी कार ओढत नेत असाल तर तीही पॉलिसीत लिहिलेली हवी, नाहीतर एक गाडी उचलली जाते आणि दुसरी तिथेच राहते.

‘विशेष साधनसामग्री’चा खर्च वगळला आहे, असं एक निरुपद्रवी वाक्य बहुतेक ठिकाणी सापडेल. मोठ्या मोटरहोमसाठी सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. मोठा ट्रक, विंच, क्रेन, सगळं त्यात घुसवता येतं. ओल्या गवतात रुतणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, सगळं वजन मागे, रात्रभर पाऊस. सकाळी पहिला गिअर टाकला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि पाच मिनिटांत अॅक्सलपर्यंत खड्डा. गाडीत बिघाड काहीच नाही, त्यामुळे बऱ्याच पॉलिसींच्या लेखी हे ब्रेकडाउनही नाही. अशा वेळी कॅम्पसाइटच्या मालकाला किंवा शेजारच्या शेतकऱ्याला विचारावं. ट्रॅक्टर असतो, दोरही असतो. गाडीबरोबर आलेला ओढायचा हूक कुठे आहे ते फक्त माहीत हवं. ड्युकाटोत तो हत्यारांच्या डब्यात असतो आणि पुढच्या बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवून बसवायचा असतो.

पाण्याचा पंप, गॅसचा हीटर, फ्रिज, ऑनिंग म्हणजे बाजूचा कापडी मांडव, यातलं काही बिघडलं तर ब्रेकडाउनवाले येत नाहीत. घर मागचं, गाडी पुढची, असा सरळ हिशेब.

टायरबद्दल दोन शब्द, कारण मोठ्या गाडीला रस्त्यात उभं करण्यात त्यांचा वाटा मोठा. अनेक नव्या मोटरहोममध्ये स्टेपनीच नसते. तिच्या जागी फेसाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. खिळा घुसला असेल तर फेस कामाला येतो, पण बाजूनं फाटलेल्या टायरला नाही. कव्हरवाला म्हणतो, स्टेपनी आणा, मी बदलून देतो. ती नसेल तर गाडी उचलायची, आणि मग वरचं सगळं ट्रकचं गणित सुरू. टायरवर डीओटीच्या पुढे चार आकडे असतात. ३२१७ म्हणजे २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. मोटरहोम वर्षातून थोडंच चालतं, त्यामुळे नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. टायर खोल नक्षीचा, चकचकीत, आणि दहा वर्षांचा, असं विकताना हमखास दिसतं. हवेचा दाबही कारसारखा नाही. मोटरहोमसाठीच्या सीपी टायरना मागे साडेपाच बारपर्यंत लागतो. साध्या पेट्रोल पंपावरचं हवेचं मशीन तिथपर्यंत कधी कधी पोचतच नाही.

प्रत्यक्ष बंद पडल्यावर

मोटरवेवर गाडी धडधडायला लागली की शक्य तितकी डावीकडे, जमलं तर पुढच्या एक्झिटवर, किंवा केशरी रंगाच्या आपत्कालीन जागेत. माणसांनी डाव्या दारानं उतरून कठड्याच्या पलीकडे जायचं. इथे एक खाचखळगा आहे. ब्रिटनमध्ये बनलेल्या स्विफ्ट किंवा बेलीच्या मोटरहोमला खोलीचं दार डावीकडे असतं. जर्मनी, फ्रान्स, इटलीत बनलेल्यांचं मात्र उजवीकडे, कारण तिथे फुटपाथ उजवीकडे असतो. इंग्लंडमध्ये ते दार उघडतं थेट धावत्या वाहतुकीत. आजी-आजोबांना आणि मुलांना सवयीनं त्या दारातून उतरवायचं नाही, सगळ्यांना पुढे आणून डाव्या केबिनच्या दारानं उतरवायचं. ए-क्लास प्रकारात, म्हणजे केबिनसकट सगळी बॉडी एकसंध बांधलेली असते त्यात, पुढे कधी एकच दार असतं. ते कुठल्या बाजूला आहे, हे घरी अंगणातच बघून ठेवा. मोटरवेवर लाल त्रिकोण मांडायचा नाही. इतर रस्त्यांवर तो गाडीच्या मागे किमान ४५ मीटर. डावीकडे जाणं शक्यच झालं नाही आणि गाडी धावत्या लेनमध्ये अडकली तर कव्हरच्या कंपनीला नव्हे, ९९९ ला फोन.

मग कव्हरवाल्यांना. फोनवरची व्यक्ती आधी गाडीचा नंबर विचारते. नंबर टाकला की तिच्या पडद्यावर येतं ‘फियाट ड्युकाटो’, आणि ती मनातल्या मनात कुरिअरची पांढरी व्हॅन धरून चालते. तासा-दीड तासानं छोटा ट्रक येतो, चालक उतरून गाडीकडे बघतो, मान हलवतो आणि रिकामा परत जातो. मोठा ट्रक पुन्हा शून्यापासून शोधायचा. हे टाळायला पहिलंच वाक्य असं: मोटरहोम आहे, एकूण वजन इतकं, लांबी-रुंदी-उंची इतकी, पुढच्या चाकांवर चालतं, चाकं फिरतात, इतकी माणसं आहेत. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून विंडस्क्रीनच्या आडोशाला चिकटवलेलं असलं की घाईत आठवावं लागत नाही. फोन ठेवायच्या आधी विचारायचं की येणारा ट्रक किती टनांचा आहे.

माणसांचा आकडा सांगायचा तो एवढ्यासाठी, की ट्रकच्या पाठीवर चढवलेल्या मोटरहोममध्ये बसून प्रवास करता येत नाही. ट्रकच्या केबिनमध्ये दोन-तीन जागा असतात. सहा जणांचं कुटुंब असेल तर टॅक्सी लागते, आणि तिचे पैसे कोण देणार ते पॉलिसीत शोधावं लागतं. आजोबांचं इन्शुलिन फ्रिजमध्ये असेल तर गाडी चढवण्याआधी काढून घ्यायला विसरू नका.

जागा सांगायला मोटरवेच्या कडेला निळ्या पाट्या असतात: रस्त्याचं नाव, ए किंवा बी हे अक्षर आणि एक आकडा. अक्षरावरून कुठल्या दिशेची बाजू ते कळतं. तो मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवला की पुरे.

आणि घड्याळ चालू असतं. तुमचा ट्रक वेळेत आला नाही किंवा गाडी धोक्याच्या जागी असली तर पोलीस किंवा इंग्लंडचे मोठे रस्ते सांभाळणारी नॅशनल हायवेज ही सरकारी कंपनी आपल्या ठेकेदाराकडून ती हलवतात. त्याचे दर कायद्यानं ठरलेले आहेत आणि २०२३ मध्ये ते वाढले. सरळ उभ्या, न चेपलेल्या गाडीसाठी साडेतीन टनांपर्यंत १९२ पौंड, साडेतीन ते साडेसात टनांसाठी २५६ पौंड, त्याच्या वर ४४८. शिवाय ठेकेदाराच्या आवारात ठेवल्याचे दर दिवशी अनुक्रमे २६, ३२ आणि पुढे जास्त. हे कव्हर भरून देतं का, हा पॉलिसी घेताना विचारायचा प्रश्न.

स्कॉटलंडच्या उत्तरेत पैशापेक्षा अंतराचा प्रश्न असतो. नॉर्थ कोस्ट ५०० हा पाचशेहून जास्त मैलांचा फेरा २०१५ पासून भलताच लोकप्रिय झाला. डरनेस किंवा अॅपलक्रॉसच्या बाजूला रस्ता एका गाडीचा, मधूनमधून बाजूला थांबायची जागा. ॲपलक्रॉसला जाणाऱ्या घाटाच्या सुरुवातीलाच मोठ्या मोटरहोमनी जाऊ नये अशी पाटी आहे. तिथे बंद पडलेली गाडी सगळ्या घाटाची वाट अडवते, आणि तिला काढायला मोठा ट्रक इन्व्हर्नेसच्या बाजूनं येणार असेल तर दिवस गेला म्हणून समजा. त्या पाटीचं ऐकलेलं बरं. किनाऱ्यानं फिरून जाणारा दुसरा रस्ता आहे.

चॅनल ओलांडून गेलात तर कव्हर युरोपचंही हवं, आणि त्यात एका सहलीला किती दिवस ते बघायचं. फ्रान्सच्या ऑटोरूटवर तुमची कंपनी थेट माणूस पाठवूच शकत नाही. केशरी एसओएस फोनवरून, नाहीतर ११२ लावून, तिथल्या अधिकृत टोचनवाल्यालाच बोलवावं लागतं. सरकारी ठरलेला दर साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी असतो. पैसे तुम्ही भरायचे, पावती घ्यायची आणि नंतर कंपनीकडून वसूल करायचे. गाडी तिथे दुरुस्त झालीच नाही तर ब्रिटनला परत आणायचा खर्च बहुतेक पॉलिसी गाडीच्या बाजारभावापर्यंतच देतात. वीस वर्षं जुनं आठ मीटरचं मोटरहोम दक्षिण स्पेनमधून आणायचं म्हटलं तर त्या दोन आकड्यांत फारसं अंतर राहत नाही.

भाड्याच्या मोटरहोममध्ये यातलं बरंचसं ओझं मालकाच्या डोक्यावर असतं. गाडीही बहुधा साडेतीन टनांच्या आतली, कारण बी लायसन्सवाल्यांनाच ती द्यायची असते. तरी चावी घेताना ब्रेकडाउनचा नंबर कुठे आहे, टायर आणि काच तुमच्या खर्चात आहे का, स्टेपनी आणि जॅक आहे का, हे विचारा. बॅटरी कुठे आहे तेही दाखवून घ्या. ड्युकाटोत ती बॉनेटखाली सापडत नाही, केबिनच्या फरशीत डाव्या बाजूच्या पायाखाली झाकण असतं. रात्री, पावसात, मोबाइलच्या उजेडात बॉनेट उघडून बॅटरी शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

स्वतःची गाडी असेल तर कव्हर घेण्याआधी ईमेल करा, फोन नको. गाडीचं मॉडेल आणि ते चारही आकडे लिहा आणि एवढंच विचारा: ही गाडी जागेवर दुरुस्त झाली नाही तर तुम्ही ती देशात कुठूनही माझ्या पत्त्यावर आणाल का, आणि मोठा ट्रक लागला तर त्याचे पैसे कोण देणार? उत्तर लेखी येतं. ‘नियम व अटी लागू’ एवढंच आलं तर पुढची कंपनी बघा. पुढे कधी चासी मजबूत करून वजनाची पट्टी बदलून घेतली, ३,५०० चे ३,८५० झाले, तर हाच ईमेल पुन्हा पाठवावा लागतो, कारण कंपनीच्या दफ्तरात तुम्ही अजून साडेतीन टनांचेच असता.